कुणाचा रे तू?

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मराठी माणसाचं गाडं साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडतं. तोपर्यंत सगळं मजेत चाललेलं असतं. 'ओला' झालं, 'ग्रासियास' झालं, एक ते शंभर आकडे झाले, रंगांची नावं झाली. मग एका शनिवारी पुस्तकात दोन चौकटी येतात. एका चौकटीत प्रश्न विचारायचे शब्द, दुसरीत प्रीपोझिशन्स. पान उलटलं की त्या दोघांचं लग्न लावलेलं: आ क्येन, दे क्येन, कोन क्येन, पारा के, दे दोंदे, आस्ता क्वांदो... आणि नेमक्या याच पानावर अर्धा वर्ग गळतो.

माझी चुलत बहीणही याच पानावर गळायच्या बेतात होती.

ती राहते पिशोरला. म्हणजे आमच्या गावाला. तालुका कन्नड, जिल्हा आता छत्रपती संभाजीनगर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर औरंगाबाद. कन्नड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींना गौताळा अभयारण्य आणि पितळखोऱ्याची लेणी आठवतात. आम्हाला मका, कापूस आणि आलं आठवतं. तर या बाईसाहेब बी.कॉम. झाल्या आणि कुठूनतरी त्यांना कळलं की इंग्रजीशिवाय आणखी एक परदेशी भाषा येत असेल तर आयटीतल्या सपोर्टच्या कामाला बरे पैसे मिळतात. पुण्यातल्या एका क्लासची ऑनलाइन बॅच शोधली. फी दोन हप्त्यांत. पहिला हप्ता काकांनी आल्याच्या पैशातून दिला. आल्याचा भाव एका वर्षी आकाशात असतो आणि दुसऱ्या वर्षी मातीत, त्यामुळे तो हप्ता म्हणजे काय चीज होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसरा हप्ता भरायला दोन आठवडे उरले असताना तिचा फोन आला.

"दादा, मी पुढचे पैसे भरत नाही. स्पॅनिशचं राहू दे, ते ज्या इंग्रजीतून समजावतात ना, तेच मला दोनदा वाचावं लागतं."

हे वाक्य तिच्या तोंडून मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. वर्षभरापूर्वी एक अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा कोर्स तिने याच कारणाने सोडला होता. आता हाही सोडला असता तर पैसे गेल्याचं दुःख चार महिने टिकलं असतं. पण 'आपलं मराठी मीडियम, आपल्याला हे जमणारं नाही' हे जे मनात पक्कं झालं असतं, ते जन्मभर गेलं नसतं. आमच्या बॅचची किमान दहा पोरं मला माहीत आहेत, ज्यांचं हे असं पक्कं झालेलं आहे.

आता मी काही स्पॅनिशचा मास्तर नाही. कंपनीला मेक्सिकोतला क्लायंट मिळाला तेव्हा आमच्या टीमला क्लास लावला होता. परीक्षेच्या भाषेत सांगायचं तर ए-टू पर्यंतची मजल. पण पहिल्या पन्नास पानांचा रस्ता माहीत आहे. तिला म्हटलं, पुढचे दोन रविवार एक-एक तास दे. अट एकच. इंग्रजी बंद. वहीत एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला मराठी, मधे कोणी नाही.

पुढे जे आहे ते त्या दोन रविवारांचं सार. तुमच्यापैकी कुणी त्या पानावर अडकला असाल तर उपयोग होईल.

आधी इंग्रजीचं काय बिनसतं ते बघू

'तू कुठून आलास?' हे इंग्रजीत विचारायचं तर 'व्हेअर' वाक्याच्या एका टोकाला आणि 'फ्रॉम' दुसऱ्या टोकाला. 'कुणाबरोबर राहतेस?' - 'हू' पुढे आणि 'विथ' पार मागे, गाडीच्या शेवटच्या डब्यात. इंग्रजी माणसाला यात काही वाटत नाही. पण तो स्पॅनिश शिकायला गेला की त्याला आधी हा मागचा डबा सोडवून पुढे आणून जोडावा लागतो. कारण स्पॅनिशमध्ये 'दे' म्हणजे कडून आणि 'दोंदे' म्हणजे कुठे हे दोघं कायम हातात हात घालून चालतात: दे दोंदे. तसंच कोन क्येन, कुणाबरोबर. पारा क्येन, कुणासाठी. देस्दे क्वांदो, कधीपासून. आस्ता क्वांदो, कधीपर्यंत. म्हणून इंग्रजीतल्या पुस्तकांना या विषयावर वेगळा धडा आणि त्यात तीन-तीन 'लक्षात ठेवा' लिहावे लागतात.

आता मराठीकडे बघा. कुठून. कुणाबरोबर. कुणासाठी. कधीपासून. कधीपर्यंत. आपल्याकडे हे आधीच चिकटलेलं आहे! 'कुणा' वाक्याच्या सुरुवातीला आणि 'साठी' शेवटी असं आपण मेलो तरी बोलणार नाही. म्हणजे ज्या धड्यासाठी इंग्रजीवाल्याला घाम गाळावा लागतो, तो आपण अडीच वर्षांच्या वयात पूर्ण केलेला असतो.

फरक फक्त क्रमाचा. आपण शेपूट मागे लावतो, ते पुढे लावतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्समध्ये प्रीफिक्स आणि पोस्टफिक्स केलेलं आठवतंय? तेच. मराठी पोस्टफिक्स, स्पॅनिश प्रीफिक्स. ऑपरेटर तोच, ऑपरंड तोच, फक्त लिहायची बाजू बदलली. कुणा-साठी उलटं वाचा: साठी-कुणा. पारा क्येन. संपलं.

हे बहिणीला सांगताना डेटा स्ट्रक्चर्स वगैरे अर्थातच नव्हतं. तिला म्हटलं, बैल गाडीच्या मागे जुंपायचा की पुढे एवढाच प्रश्न आहे, बैल तोच आहे. ती म्हणाली, "मग एवढी आठ पानं कशाला लिहिली त्यांनी?"

कशाला. पारा के. बघा, आलं की नाही! :)

क, क आणि क

मग मूळ शब्द घेतले. एका श्वासात म्हणून बघा.

के - काय
क्येन - कोण
क्वांदो - केव्हा
कोमो - कसा
क्वांतो - किती, केवढा
क्वाल - कोणता
दोंदे - कुठे

एक दोंदे सोडला तर सगळे 'क'ने सुरू होतात, आणि आपलेही सगळे 'क'ने. हा योगायोग नाही. संस्कृतातले कः, कदा, कति आणि लॅटिनमधले क्विस, क्वांदो, क्वोत हे एकाच खापरपणजोबांचे वंशज. 1786 साली विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच घरातल्या असाव्यात असं सांगितलं, त्या घराण्याची ही 'क'ची खूण. इंग्रजीही याच घरातली, पण तिकडे हा 'क' फार पूर्वी झिजून 'ह' झाला, म्हणून त्यांचे व्हॉट, हू, व्हेन आपल्याला परके वाटतात. स्पॅनिश 'क' आपल्यासारखाच शाबूत राहिला.

दोंदेची गंमत तर अजून वेगळी. लॅटिनमध्ये 'उंदे' म्हणजेच 'कुठून'. लोकांनी त्याच्यापुढे आणखी एक 'दे' लावला आणि त्याचा झाला दोंदे. पुढे 'कुठून' हा अर्थ पुसट होऊन नुसता 'कुठे' उरला. मग 'कुठून' म्हणायला पुन्हा एक 'दे' आणला: दे दोंदे. मुळाशी जाऊन अर्थ लावला तर 'हून-हून-कुठून'. आपण पिवळा पीतांबर म्हणतो, त्याच्या वरचा प्रकार. असाच दुसरा नमुना 'कोनमिगो', म्हणजे माझ्याबरोबर. यातला शेवटचा 'गो' हा लॅटिन 'कुम'चा अवशेष. कुम म्हणजे 'सह', आणि तो 'मी'ला चक्क मागून लागायचा: मेकुम. आपल्या 'माझ्यासह'सारखाच! नंतरची पिढी विसरली की 'गो'मध्ये 'सह' आहे, आणि पुढून पुन्हा 'कोन' लावून बसली. सह-मज-सह. म्हणजे शेपूट मागे लावायची आपली पद्धत तिकडच्या आजीलाही माहीत होती.

उच्चारांच्या बाबतीतही आपलं नशीब चांगलं. स्पॅनिश त आणि द हे आपल्या त-द सारखे, जीभ दातांना लावून. इंग्रजीच्या सवयीने 'डॉन्डे' म्हणणाऱ्याला 'दोंदे'वर यायला वेळ लागतो. देवनागरीत लिहून घेतलं की प्रश्नच मिटतो. फक्त 'कोन'पाशी जरा सांभाळा. आमच्याकडे 'कोण'ला बऱ्याचदा 'कोन'च म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये 'कोन' म्हणजे 'बरोबर'. त्यामुळे 'कोन क्येन' ऐकलं की पिशोरच्या माणसाला वाटतं, हा दोनदा 'कोण कोण' विचारतोय.

स-ला-ना-ते अखेर कामाला आलं

शाळेत विभक्तीचा तक्ता घोकलाय ना? स-ला-ते, स-ला-ना-ते, ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे... दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठी व्याकरण छापलं, तेव्हापासून या ना त्या रूपात शाळकरी पोरं हे घोकत आली आहेत आणि याचा उपयोग काय हे विचारत आली आहेत. उपयोग हा.

आपल्या 'ला'ला स्पॅनिशमध्ये 'आ' म्हणतात. पिशोरला जाते: बोय आ पिशोर. आईला देते, इथेही आ. आणि आता खरी मजा. 'मी पिक्चर बघते' यात पिक्चरला 'ला' नाही. 'मी आईला बघते' यात आहे. का? कारण आई माणूस आहे. निर्जीव कर्माला नुसतं ठेवायचं आणि जित्याजागत्या ओळखीच्या माणसाला 'ला' लावायचा, हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नाही, तो रक्तात आहे. स्पॅनिशमध्येही तंतोतंत हेच. पिक्चर बघितला तर 'आ' नाही, आईला बघितलं तर 'आ' हवाच. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी काहीच लागत नाही, त्यामुळे इंग्रजी पुस्तकात या 'आ'ला स्वतंत्र नाव आहे आणि मोठं कौतुक आहे. प्रश्न विचारतानाही तेच: के बुस्कास? म्हणजे काय शोधतेस? आ क्येन बुस्कास? म्हणजे कुणाला शोधतेस? काय, कुणाला. के, आ क्येन. इंग्रजीत शोधायला 'लुक'च्या मागे 'फॉर' लावावा लागतो, तो इथे कुणालाच नको.

आवडण्याचंही तसंच. इंग्रजीत 'मी' कॉफी आवडवतो. मराठीत कॉफी 'मला' आवडते, कॉफीच कर्ती. स्पॅनिशमध्ये: आ मी मे गुस्ता एल काफे. सुरुवातीचा 'आ मी' बघा. ला-मी. मला. बहीण यावर मिनिटभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "सरांनी यावर पूर्ण एक लेक्चर घेतलं होतं. सगळे म्हणत होते उलटं आहे, उलटं आहे. हे तर सुलटं आहे."

कामून?

पुढचा रविवार पोर आणि पारा या जोडगोळीचा. स्पॅनिश शिकणाऱ्या जगभरच्या लोकांचं हे हक्काचं दुखणं, कारण इंग्रजीत दोघांनाही बहुतेक वेळा 'फॉर'च म्हणतात. आपल्याकडे मात्र दोन वेगळी खाती आहेत. पोर म्हणजे मुळे, बद्दल, मधून. पारा म्हणजे साठी, कडे. कारण मागे असतं, हेतू पुढे असतो. मागचं ते पोर, पुढचं ते पारा.

म्हणून 'का' हा प्रश्नही दोन प्रकारे विचारता येतो. पोर के? कशामुळे? पारा के? कशासाठी? प्रमाण मराठीत आपण दोन्हीकडे 'का' म्हणून वेळ मारून नेतो. आमच्याकडे 'का'ला 'कामून' म्हणतात. काय म्हणून, कामून. म्हणजे 'काय'ला काहीतरी चिकटवूनच विचारायचं. पोर के तसंच: 'के'ला 'पोर' चिकटवलेला. पुण्यात आल्यावर 'कामून' म्हटलं की टीममधली पोरं हसतात, हे ज्यांनी ज्यांनी अनुभवलंय त्यांच्यासाठी खास नोंद: तुमच्या 'कामून'ची रचना माद्रिदला रोज वापरतात.

लिहिताना एक पथ्य. पोर के असे दोन शब्द आणि 'के'च्या डोक्यावर तिरकी रेघ, म्हणजे प्रश्न. तोच एकत्र आणि रेघेविना, पोर्के, म्हणजे कारण की. प्रश्नातल्या सगळ्याच 'क'वाल्यांना आणि दोंदेला ही रेघ लागते. प्रश्न नसला की ती जाते. आणि वाक्याच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह. आपल्याकडे 'येतेस का?' मधला 'का' शेवटी येऊन सांगतो की हा प्रश्न होता. स्पॅनिशमध्ये तसा 'का' नाही, 'येतेस' आणि 'येतेस?' यात फरक फक्त सुराचा. मग लांबलचक वाक्य मोठ्याने वाचताना सूर कुठून चढवायचा हे कळणार कसं? म्हणून स्पेनच्या राजेशाही अकादमीने 1754 मध्ये सांगितलं की प्रश्न जिथे सुरू होतो तिथे उलटं चिन्ह टाका. अगदी समजूतदार सोय.

बद्दलवरून आठवलं. आपण ऑफिसात मेल लिहितो, 'आपल्या मदतीसाठी धन्यवाद'. इंग्रजीतला 'फॉर' तसाच उचलून 'साठी' केलेला. मदत तर होऊन गेली, मागे पडली, मग 'साठी' कशाला? आजी म्हणाली असती, 'मदतीबद्दल'. स्पॅनिश माणूसही इथे पोर म्हणतो: ग्रासियास पोर तोदो, सगळ्याबद्दल धन्यवाद. इथे पारा म्हटलं तर मास्तर लाल रेघ मारतात. म्हणजे इंग्रजीवरून बेतलेल्या मराठीतून स्पॅनिशला गेलात तर पाय घसरतो आणि घरच्या मराठीतून गेलात तर नाही. मला हे फार आवडलं.

कुणाचा रे तू?

आता 'दे'. चा-ची-चे आणि हून, दोघांचं काम एकटा 'दे' करतो. सोय दे पिशोर: मी पिशोरचा. (मराठीत वाचलं तर 'सोय दे, पिशोर' असं गावाला घातलेलं साकडं वाटतं. एसटी स्टँडवर उभं राहून म्हणायला अगदी योग्य वाक्य.) आणि दे क्येन म्हणजे कुणाचा.

आमच्या गावात पारावरचे म्हातारे तुमचं नाव विचारत नाहीत. कॉलेज कुठलं, पॅकेज किती, हेही नाही. पहिला प्रश्न: "कुणाचा रे तू?" मग बापाचं नाव, नाही कळलं तर आजोबांचं, तरी नाही तर विहीर कुठली आणि वावर कुणाच्या बांधाला. दोन मिनिटांत तुमचा पूर्ण पत्ता लागतो. स्पेनमधल्या खेड्यांतही म्हातारी माणसं अनोळखी पोरासोरांना हेच विचारतात: इ तू, दे क्येन एरेस? आणि तू, कुणाचा आहेस? तिकडे हा प्रश्न इतका गावाकडचा समजला जातो की शहरात त्यावर विनोद होतात.

हे सांगितलं तेव्हा काकू शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. फोन स्पीकरवर होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे तिकडंबी इचारत्यात?"

विचारतात, काकू. शब्दाला शब्द लावून विचारतात.

इंग्रजीत हा प्रश्न विचारूनच बघा. 'हूज आर यू' म्हटलं तर समोरचा पोलीस बोलावेल. तिच्या वर्गातली शहरातली, इंग्लिश मीडियमची पोरं या वाक्यापाशी अडली असती. बहिणीला ते समजावून सांगावंच लागलं नाही.

जिथे मराठीचं बोट सोडायचं

नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस मराठी म्हणजेच स्पॅनिश असं सांगत सुटलाय. तसं नाही. काही ठिकाणी बोट सोडावंच लागतं, आणि ती यादी वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी ठेवावी.

एक. 'तुझं नाव काय?' ला 'के' चालत नाही. तिथे क्वाल, म्हणजे 'कोणतं' लागतं. आणि 'कोणतं पुस्तक?' म्हणताना मात्र सहसा के लिब्रो! बरोबर आपल्या उलटं.

दोन. 'कसा' आपल्याकडे लिंगाप्रमाणे बदलतो, कसा-कशी-कसं. कोमो बदलत नाही. 'किती' आपल्याकडे बदलत नाही, क्वांतो बदलतो: क्वांतो दिनेरो, किती पैसा. क्वांता आग्वा, किती पाणी. क्वांतोस लिब्रोस, किती पुस्तकं. त्यामुळे क्वांतोला 'किती'पेक्षा 'केवढा-केवढी' म्हणून लक्षात ठेवलेलं सोपं.

तीन. 'एन' हा 'आत' आणि 'वर' दोन्ही आहे. टेबलावर आणि पेटीत, दोन्हीकडे एन. पण एक बारीक जागा आपल्या बाजूने आहे. 'एन कासा' म्हणजे घरी आणि 'एन ला कासा' म्हणजे त्या घरात. 'घरी' आणि 'घरात' यातला फरक ज्याला कळतो त्याला हा 'ला' कळतो.

चार. काही क्रियापदांचं शेपूट मनमानी असतं. वाट पाहायची ती आपण कुणा'ची' पाहतो, ते 'आ' लावतात. अवलंबून आपण कशा'वर' असतो, ते कशा'चे' असतात, देपेंदेर दे. स्वप्न आपण कुणा'चं' बघतो, ते 'कोन' लावून बघतात, म्हणजे त्याच्याबरोबरच. हे पाठच करायचं, इलाज नाही. लग्न मात्र दोन्हीकडे कुणा'शी' किंवा कुणाबरोबरच होतं, कासार्से कोन. तेवढा दिलासा.

असो. या सगळ्यात नवीन असं काहीच नाही. 1640 साली गोव्यात, सासष्टीतल्या रायतूरला, थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्र्याचं कोकणीचं व्याकरण छापलं गेलं. हाच तो 'क्रिस्तपुराण' मराठीत ओवीबद्ध लिहिणारा. माणूस जन्माने इंग्रज, पण व्याकरण लिहिलं पोर्तुगीजमध्ये, कारण शिकणारे पाद्री पोर्तुगीज जाणणारे होते. पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. इकडची भाषा शिकायची तर आपल्याला येणाऱ्या भाषेतून शिकावी, एवढं शहाणपण त्या काळी होतं. आज बहिणीसारख्या मुलीला स्पॅनिश शिकायची तर आधी इंग्रजीचा टोलनाका भरावा लागतो. मराठीतून स्पॅनिश नीट शिकवणारं पुस्तक तिच्या हातात असतं तर तिला माझ्या रविवारांची गरजच नव्हती.

आणि हा प्रश्न फक्त स्पॅनिशचा नाही. आपल्या टीममध्ये, आपल्या खालच्या बेंचवर, अशी पोरं असतात ज्यांना विषय कळत नाही असं आपण समजतो, पण त्यांना प्रत्यक्षात समजावण्याची भाषा कळत नसते. डिझाइन रिव्ह्यूमध्ये गप्प बसणाऱ्याला एकदा चहाच्या टपरीवर मराठीत विचारून बघा. कामून असं केलं, कशासाठी केलं. बऱ्याचदा उत्तर तयार असतं.

बहिणीने दुसरा हप्ता भरला. आता ए-वनच्या परीक्षेची तयारी चालू आहे. ऐकण्याचा भाग अजून कच्चा आहे, रेकॉर्डिंगमधला माणूस फार भराभर बोलतो म्हणते, आणि पुल्लिंग-स्त्रीलिंगाचे घोळ अधूनमधून होतातच. नोकरी लागेल की नाही, माहीत नाही. पण परवा तिने क्लासच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या, त्यातल्या एका मुलीने मला पाठवल्या. कुणीतरी विचारलं होतं की पोर के आणि पारा के यात नेमका फरक काय. हिने उत्तर दिलं होतं, मराठीत: 'मागचं कारण विचारायचं तर पोर, पुढचं काम विचारायचं तर पारा. कशामुळे आणि कशासाठी. एवढंच आहे, घाबरू नका.'

खाली सात जणांचे अंगठे होते. त्यातला एक त्यांच्या सरांचा.